तोंड धाराशिवाकडं

शरणबसप्पांनी पाळणा मोटारीच्या टपावर चढवून दोरीनं आवळला, बायकोला आणि लेकीला आत बसवलं आणि स्वतः खिडकीशी टेकता टेकता ड्रायव्हरला बजावलं, “दस्तगीर, हिंगणदरी आली की उठीव. मागल्या बारीला येरमाळ्यापत्तुर नेलतास.”

“अप्पा, अजून मोटार सुरू न्हाय झाली,” दस्तगीर म्हणाला. “इतक्यात नींद?”

“सांगून ठिवलेलं बरं.”

शरणबसप्पा धाराशिवातले धान्याचे व्यापारी. दुकानात त्यांच्याइतका जागा माणूस बाजारपेठेत दुसरा नव्हता. ज्वारीच्या पोत्यात मूठ घातली की ती कुठल्या शिवारातली हे ते डोळे मिटून सांगत. पण बुडाखाली चाक फिरायला लागलं की त्यांचे डोळे खरोखरच मिटत. बैलगाडी असो, टांगा असो, मोटार असो, त्यांची मान हळूहळू छातीवर यायची आणि ते या जगातून उठून जायचे. स्वतःच्या लग्नाच्या वरातीतही ते झोपले होते, असं त्यांची बायको पार्वतम्मा सांगे.

धाराशिवाहून डोंगरापलीकडे जाणारी निजाम सरकारची ती सडक त्यांनी आयुष्यात पुष्कळदा पार केली होती, पण तिची फक्त दोन टोकं त्यांना ठाऊक होती. मधली सडक त्यांनी स्वप्नातच पाहिलेली. आणि स्वप्नात ती दर वेळी निराळी असायची. कधी तिच्या कडेनं नदी वाहायची, कधी करडईची पिवळी शेतं थेट आभाळाला जाऊन टेकायची, तर कधी सडक आपणच उठून त्यांच्या दुकानात यायची आणि शेरभर गूळ मागायची.

आज मात्र जागं राहणं भाग होतं. सून गौराबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी हिंगणदरीला गेली होती आणि नातवाचं बारसं आज दिवेलागणीला होतं. बारशाला जाणं एवढाच मुद्दा असता तर झोप परवडली असती. पण नावाचं भांडण पेटलं होतं. शरणबसप्पांना नातवाला आपल्या वडलांचं, शरणप्पा हे नाव द्यायचं होतं. त्यांचे व्याही गुरुसिद्धप्पा हिंगणदरीचे मोठे शेतकरी. त्यांना आपल्या वडलांचं, बंडप्पा हे नाव हवं होतं. सडकेनं जो कोणी जाईल-येईल त्याच्या तोंडी निरोप सुटत होते. ‘पोराचं नाक बंडप्पाचं हाय, येऊन बघा,’ असा तिकडून निरोप आला. ‘नाक कुणाचं का असंना, पोरगं आमच्या घरचं हाय,’ असा इकडून गेला. शेवटी शरणबसप्पांनी शिसवी लाकडाचा, चारी खुरांवर राघू कोरलेला पाळणा करवून घेतला. ज्याचा पाळणा त्याचं नाव, अशी त्यांची अटकळ होती.

“अप्पा,” लेक शिवकांता म्हणाली, “बाळाच्या कानात नाव म्याच सांगनार न्हवं? म्या आत्या. मला तर कुणी इचारलंच न्हाय.”

“तुला काय इचारायचं? शरणप्पा म्हणायचं आन् मोकळं व्हायचं,” शरणबसप्पा म्हणाले. एवढ्यात मोटार हलली आणि त्यांची मान छातीवर आली.

ते लढाईचे दिवस होते. लढाई साता समुद्रापलीकडं चालली होती, पण तिचा धूर धाराशिवात निघत होता. पेट्रोल मिळेनासं झाल्यामुळे मोटारीच्या पाठीला एक उभी लोखंडी भट्टी जोडली होती. तीत कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर मोटार पळवायची. सपाटीला ती बऱ्यापैकी पळे. घाट आला की तिला धाप लागे. घाटाच्या पायथ्याशी येऊन ती थांबली आणि दस्तगीर खाली उतरला.

“उतरा सब लोगां! घाटमाथ्यापत्तुर पायी चला. म्या मोटार उलटी करून चढवतो.”

“उलटी?” पार्वतम्मांनी विचारलं.

“व्हय अम्मा. म्होरच्या गिअरमधी हिला दम न्हाय. रिव्हर्समधी जोर जादा हाय. हिंगणदरीकडं पाठ, धाराशिवाकडं तोंड. तवाच चढती ही.”

दस्तगीरनं मोटार वळवून तिचं तोंड आल्या वाटेकडे केलं. उतारू पदर, पटके सावरत घाट चढू लागले. शिवकांतेनं बापाला हलवलं, हाका मारल्या, नाक दाबलं. शरणबसप्पांनी झोपेतच तिला “दर उद्या सांगतो” असं म्हटलं.

“ऱ्हाऊ दे गं,” पार्वतम्मा म्हणाल्या. “मोटारीला काय जड हायत? इतकी वरसं मलाच जड झाले न्हाईत.”

मायलेकी इतरांबरोबर वळणं ओलांडून माथ्यावरच्या चिंचेखाली जाऊन बसल्या. मोटार शरणबसप्पांना घेऊन पाठमोरी अर्धा घाट चढली, आणि तिथं भट्टीतला कोळसा विझत आला. दस्तगीरनं चाकांना दगड लावले, रिकामं पोतं खांद्यावर टाकलं आणि तो ओढ्यात कोळसा पाडणाऱ्याच्या खोपटाकडे निघून गेला. चाकं थांबली होती. त्यामुळे थोड्या वेळानं शरणबसप्पांना जाग आली.

मोटारीत चिटपाखरू नव्हतं. बाहेर फाल्गुनाचं ऊन पांढरंशुभ्र पडलं होतं, पळस पेटल्यासारखा लाल झाला होता आणि कुठंतरी होला घुमत होता. शरणबसप्पांनी समोर पाहिलं. सडक उतरत उतरत खाली धुरकट सपाटीला जाऊन मिळत होती. त्यांनी हिशेब लावला. पुढं उतार, म्हणजे घाट मागं पडला. मोटारीचं तोंड खाली, म्हणजे हिंगणदरी खाली. मोटार बंद पडली, लोक चालत पुढं गेले, आणि बायकांनी आपल्याला नेहमीप्रमाणं सोडून दिलं. त्या हिशेबात खोट कुठंच नव्हती. मोटार उलटी चढते एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात शेतवाटेनं कडब्याची एक गाडी सडकेला लागली. गाडीवान बिभीषण दर सुगीला शरणबसप्पांच्याच दुकानात ज्वारी घालत असे. तो जात्याच कमी बोलणारा.

“बिभीषणा, कुठं निघालास?”

“गावाला.”

“मलाबी गावालाच जायाचंय. ह्यो पाळणा तेवढा घेतोस?”

“घेतो की.”

कडबा मोटारीच्या टपाइतकाच उंच रचला होता. पाळणा टपावरून अल्लाद कडब्यावर सरकला आणि पडू नये म्हणून बिभीषणनं तो पेंढ्यांत खोल खुपसला. शरणबसप्पा त्याच्या शेजारी बसले, पेंढ्या खचल्या आणि तेही निम्मेअधिक खाली गेले. वाळल्या कडब्याला गोडसर वास येत होता. बैलांच्या गळ्यातली घाटी एका लयीत वाजत होती. वरचं निळं आभाळ झुल्यासारखं इकडून तिकडे जाऊ लागलं.

“दारापत्तुर सोडशील न्हवं?” शरणबसप्पांनी जड जिभेनं विचारलं.

“सोडतो,” बिभीषण म्हणाला. अप्पांचं दार त्याला माहीतच होतं.

इकडे मोटारीची वाट पाहून हिंगणदरीचे गुरुसिद्धप्पा अस्वस्थ झाले आणि पळत्या खोंडांचा छकडा जुंपून सामोरे आले. घाटमाथ्यावर चिंचेखाली त्यांना विहीणबाई भेटल्या.

“शरणार्थी!” त्यांनी लिंगायती रामराम घातला. “इवाई कुठं हायत?”

“खाली मोटारीत झोपलेत. अन् पाळणा टपावर हाय.”

गुरुसिद्धप्पा दोघींना छकड्यात घेऊन खाली उतरले. मोटारीपाशी दस्तगीर खांद्यावर कोळशाचं पोतं घेऊन उभा होता. मोटारीत अप्पा नव्हते आणि टपावर पाळणा नव्हता. जवळच शेळ्या चारणारी हरणाबाई हे सगळं लांबून बघत होती. ती म्हणाली, “येक आप्पा गेलं की धाराशिवाकडं. गाडी करून. पाळनाबी माघारी नेला.”

गुरुसिद्धप्पांनी कपाळाला हात लावला.

“रुसले!” ते म्हणाले. “नाकाचा निरोप लागला त्यांस्नी. आता बारशाला आलेल्या पाव्हण्यांस्नी काय सांगू? पाळणा माघारी गेला म्हंजे लेकीचं सासर माघारी गेलं म्हणत्याल लोक. गौराला त्या घरात नांदायचंय.”

“अवं, रुसायला मानूस जागा असावा लागतो,” पार्वतम्मा म्हणाल्या. “त्ये झोपंतच गेलेत कुठंतरी.”

पण गुरुसिद्धप्पांना ते समजुतीचं बोलणं वाटलं. नवऱ्याची बाजू बायको झाकणारच. त्यांनी दोघींना छकड्यातून उतरवलं.

“दस्तगीर, ह्यांस्नी हिंगणदरीला पोचीव. इवाईण, येळ टाळू नका, बारसं उरका. म्या त्यांचे पाय धरून आणतो.”

“आन् नाव कोन्तं ठिवायचं?” शिवकांतेनं ओरडून विचारलं. पण छकडा तोवर वळणाआड गेला होता.

फाल्गुनात त्या सडकेवर कडब्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते. गुरुसिद्धप्पांनी एकेक गाडी मागं टाकली. प्रत्येक गाडीवानाला ते विचारत होते, “कुणी अप्पा दिसले का, पाळणा घिऊन?” बिभीषणच्या गाडीपाशीही त्यांनी छकडा हळू केला. बिभीषणनं पुढं पाहिलं, मागं वळून पाहिलं. मागं नुसता कडब्याचा ढीग होता.

“दिसत न्हाईत,” तो खरं तेच म्हणाला.

ढिगाच्या पोटात शरणबसप्पा स्वप्न बघत होते. स्वप्नात नातू पाळण्यात उठून बसला होता. त्याला भरघोस मिश्या होत्या आणि कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. “आजोबा,” तो दुकानदारी आवाजात म्हणाला, “माझं नाव मला इचारून ठिवा. जल्मभर वापरायचं म्या हाय.” शरणबसप्पा त्याला समजावायला गेले तर पाळण्याच्या खुरांवरचे राघू उडाले आणि पाळणा घेऊन डोंगरावरून दिसेनासे झाले.

उन्हं कलली. गुरुसिद्धप्पा धाराशिवात पोचले तेव्हा व्याह्यांच्या घराला कुलूप होतं. आत बसून कडी लावली असेल म्हणावं तर कुलूप बाहेरून. ते हताश होऊन पायरीवर बसले. थोड्याच वेळात कडब्याची गाडी दारात येऊन थांबली. चाकं थांबताच ढीग हलला आणि त्यातून काड्या अडकलेला एक पटका वर आला.

शरणबसप्पांनी डोळे चोळले. समोर पायरीवर व्याही बसलेले पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. आपण हिंगणदरीला पोचलो, तेही बारशाच्या आधी!

“शरणार्थी, इवाई!” ते वरूनच म्हणाले. “वाट बघायलावता व्हय?”

“व्हय व्हय, या, उतरा,” गुरुसिद्धप्पा हात जोडून धावले.

शरणबसप्पा उतरले. त्यांनी घराकडे मान वर करून पाहिलं. मग कौतुकानं म्हणाले, “मागल्या येळंला आलतो तवा घर मातीचं हुतं. आता लई झाक बांधलंत. जोतं, खांब, सगळं आमच्यावानीच!”

गुरुसिद्धप्पांना हा टोमणा वाटला. ते खाली मान घालून म्हणाले, “असं का बोलता? तुमचंच घर हाय ह्ये.”

“तसं तुमी म्हणनारच. तुमचं मनच मोठं.”

“न्हाय वो, खरंच तुमचं घर हाय.”

“बरं, आमचं तर आमचं,” शरणबसप्पा हसून म्हणाले. “आता आत तरी चला. दाराला कुलूप का लावलंय?”

“किल्ली तुमच्याकडं हाय न्हवं?”

शरणबसप्पांचा हात कमरेला गेला. किल्ली होती. त्याच वेळी शेजारची इरम्मा पाण्याची घागर घेऊन आली आणि दोघांना बघून थबकली. “अप्पा! बारसं इतक्यात उरकलं व्हय? पोराचं नाव काय ठिवलं?”

शरणबसप्पांनी इरम्माकडे पाहिलं. मग कुलपाकडे, मग समोरच्या लिंबाच्या झाडाकडे, मग कोपऱ्यावरच्या मशिदीच्या मिनाराकडे. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त ते स्वतः भलत्या ठिकाणी होते. ते मटकन पायरीवर बसले.

“मला बारशाला जायाचं हुतं,” ते पुटपुटले.

गुरुसिद्धप्पांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. “इवाई, राग सोडा. म्या नाकावरनं बोललो, चुकलो. पाळणा माघारी आणून तुमी मला शिकीवलंत. नाव तुमचंच. शरणप्पा! झालं समाधान?”

शरणबसप्पांच्या हळूहळू ध्यानात आलं. आपण झोपलो होतो आणि जगानं तो रुसवा मानला होता. न केलेल्या रुसव्याचं फळ आपोआप पदरात पडत होतं. व्यापाऱ्याला हा मोह मोठाच. पण समोर गुरुसिद्धप्पा उभे होते. भुवयांवर सडकेचा फुफाटा, ओठ सुकलेले, हातात पटका. ते घरचं कार्य टाकून, पाव्हणे टाकून, लेकीच्या काळजीनं घाट उतरून धावत आले होते.

“पटका घाला आदी डोक्याला,” शरणबसप्पा म्हणाले. “म्या रुसलो न्हाय. म्या झोपलो.”

“तुमी असं म्हणनार ह्ये म्या वळखलंच. मला लाजिरवानं वाटू नये म्हणून.”

“अवं खरंच झोपलो! मोटारीत झोपलो, कडब्यात झोपलो!”

“एवढा पाळणा घिऊन मानूस झोपंत चार कोस जातो व्हय? इवाई, तुमचा मोठेपना म्या जल्मभर इसरनार न्हाय.”

आपण झोपाळू आहोत हे आजवर शरणबसप्पांना कुणाला पटवावं लागलं नव्हतं. आज पहिल्यांदा गरज पडली तर पुरावा, म्हणजे पार्वतम्मा, तिकडं घाटाच्या पलीकडं हिंगणदरीत होत्या. बिभीषणला विचारलं तर तो म्हणाला, “म्या बैलांकडं बघत हुतो.”

शेवटी ते इरेला पेटले. “बरं, रुसलो म्हणा. आता ऐका. नाव तुमच्या वडलांचं. बंडप्पा.”

“छ्या! शरणप्पाच.”

“बंडप्पा म्हणलं ना म्या!”

“तुमच्या घरचं पोरगं हाय!”

“पर नाक तुमचं हाय की!”

इरम्मानं भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक आणून दिलं, तेव्हाही दोघांचं चाललंच होतं. दोन दिवसांपूर्वी जेवढ्या जोरानं ओढत होते तेवढ्याच जोरानं आता ढकलत होते. अंधार पडत आला तेव्हा दोघांनीही एकदमच घाटाकडं पाहिलं. आत्ता हिंगणदरीत दिवे लागले असतील. आत्ता बायका जमल्या असतील.

“पोराचं तोंड बी बघितलं न्हाय म्या अजून,” शरणबसप्पा हळूच म्हणाले.

“लई गोड हाय,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. “नाकाचं जाऊ द्या. हसतं लई.”

पहाटे त्यांनी छकडा जुंपला. पाळणा मागं बांधला. कासरा हातात घेऊन गुरुसिद्धप्पा बसले खरे, पण कालच्या दगदगीनं वेस ओलांडायच्या आतच त्यांची मान छातीवर आली. शरणबसप्पांनी अलगद कासरा आपल्या हातात घेतला. आता झोपणं शक्यच नव्हतं. खोंडं कुठं नेतील याचा नेम नव्हता.

आणि मग सडक उजाडली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती पाहिली. दोन्ही कडांना लिंबाची झाडं होती, त्यांचा मोहर मुरमावर पडला होता आणि चाकं त्यावरून आवाज न करता चालत होती. एका वळणावर ओढा होता, त्यात एकच बगळा स्वतःच्या सावलीवर उभा होता. कापलेल्या ज्वारीच्या धसकटांवर धुकं बसलं होतं आणि डोंगराची रांग त्या धुक्यावर तरंगत होती, जणू ती अजून जमिनीला टेकायचीच होती. त्यांच्या स्वप्नातल्या कुठल्याच सडकेशी ती जुळत नव्हती. ती जास्त साधी होती आणि म्हणूनच त्यांना खरी वाटेना. दोनदा त्यांनी स्वतःला चिमटा काढला. मग शेजारी घोरणाऱ्या व्याह्यांनाही एक काढून पाहिला. ते उठले नाहीत.

हिंगणदरीत पोचले तेव्हा अंगणात न्याहारीची गडबड होती. पार्वतम्मा हुग्गीच्या, गव्हाच्या खिरीच्या पातेल्याशी बसल्या होत्या. नवरा छकडा हाकत येतोय आणि व्याही शेजारी झोपलेत, हे बघून त्यांनी पळी खाली ठेवली.

“आवं, तुमी जागं?”

“त्ये ऱ्हाऊ दे. बारसं झालं?”

“झालं की. जुन्या लुगड्याची झोळी बांधली.”

“मग नाव बंडप्पाच ठिवलं न्हवं?” शरणबसप्पांनी विचारलं.

“शरणप्पा ठिवलं का न्हाय?” जागे होत गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

पार्वतम्मांनी शिवकांतेकडे पाहिलं. शिवकांतेनं उंबऱ्याशी झोळी हलवत बसलेल्या वहिनीकडे पाहिलं.

“दोन्ही न्हाय,” शिवकांता म्हणाली. “तुमी दोघंबी न्हवता. मग म्या वयनीला इचारलं. ती म्हणली त्येच कानात सांगितलं. शिवशरण.”

दोन्ही व्याही एकमेकांकडे बघू लागले.

“शिवशरण?” शरणबसप्पा म्हणाले. “आमच्या घरात तर कुणी शिवशरण झाला न्हाय. तुमच्याकडचा का?”

“न्हाय वो. आमच्या सात पिढ्यांत न्हाय,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. मग ते लेकीकडे वळले. “गौरा, कुणाचं नाव गं ह्ये?”

गौराबाईनं झोळीचा दोर धरलेला हात थांबवला नाही. तिनं पदर थोडा पुढं ओढला आणि खालच्या मानेनं म्हणाली, “कुणाचंच न्हाय, अप्पा. त्याचं त्यालाच.”

दोघा व्याह्यांनी जोडे काढले. मग ते झोळीपाशी गेले आणि एकाच वेळी आत वाकले. त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. झोळीतलं पोरगं त्या आवाजानं खुदकन हसलं.